काचेच्या आतली टकटक

मित्रांनो, ज्या दिवसांची ही हकिगत आहे, त्या दिवसांत आमच्या घरातली सकाळ ठरलेल्या क्रमाने उलगडत असे. दिवाणखान्याच्या जाड पडद्याच्या कडेने राखाडी उजेडाची फट दिसू लागली की कोपऱ्यातल्या पलंगावर नाना उठून बसत. आधी पाय खाली सोडत, मग चपला चाचपत, मग थोडा वेळ तसेच बसून राहत. आज वार कोणता, हे स्वतःलाच विचारून घेत असावेत असे. स्वयंपाकघरात सूनबाई चहाचे आधण ठेवीत आणि धुराचा पंखा लावीत. तो पंखा घरघरू लागला की त्यांना बाहेरचे काही ऐकू येत नसे. आतल्या खोलीत नानांचा मुलगा दाढी करी आणि त्याची लेक बिट्टी ‘अजून पाचच मिनिटं’ असे म्हणून कूस बदली. मग माझ्या डोक्यावरचा दिवा आपोआप लागे, आधी निळा, नंतर हळूहळू पांढरा. मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून येई, माझ्या काचेवर चिकटवलेल्या पट्टीशी पाण्याची पातळी ताडून पाही आणि रात्रीतून जेवढे पाणी उडून गेले असेल तेवढे गोडे पाणी मगाने हलकेच ओती. गोडेच, खारे नव्हे. कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहते.

मी एक खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आता जुनी झाले आहे. माझ्या सांध्यांतला काळा गोंद कडेने पांढुरका पडला आहे आणि झाकणाच्या फटीतून बाहेर आलेले मीठ माझ्या अंगावर बुरशीसारखे चढते. पण त्या दिवसांत मी नवी होते, माझ्यात प्रवाळ होते, मासे होते, आणि घरातले सगळे मला आपलीच समजत. फक्त दिवा लागण्याआधीचा जो थोडासा काळ होता, तो इतर कुणाचा नव्हता. तो माझा आणि नानांचा होता. आणि आणखी एकाचा.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. कारागिराने काच आखली, कापली, तिच्या धारा घासल्या, पाच तुकडे गोंदाने जोडले आणि मला साध्या पाण्याने काठोकाठ भरून तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या बुडाखाली कोरडा कागद सारला, तो कोरडाच बाहेर आला, आणि मी पास झाले. काचेला जन्मापासून एकाच आवाजाची भीती असते. तो आवाज कसा असतो हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. तो एकदाच येतो, आणि त्यानंतर काच काच राहत नाही.

नानांचा मुलगा चष्म्यांच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. त्याने मला घरी आणले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, की माणसांचे डोळे पाहून ह्यांना कंटाळा आला, आता माशांचे पाहणार. तो हसला, पण कामाला अतिशय चोख. त्याने गाळलेल्या पाण्यात मीठ कालवले, ते दिवसभर घुसळत ठेवले, आणि क्षार मोजायच्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रात थेंब टाकून, खिडकीकडे तोंड करून, एक डोळा मिटून पाहिले. त्या भिंगावर त्याचा फार जीव. मग वाळू आली, सच्छिद्र खडक आले, पाणी फिरवणारा पंप आणि ऊब देणारी कांडी आली. आणि त्यानंतर कितीतरी आठवडे काहीच आले नाही.

हे कितीतरी आठवडे, मित्रांनो, नवशिक्याच्या परीक्षेचे असतात. डोळ्यांना न दिसणारे जीव खडकांत वस्ती करतात, घाणीतून सुटणारे विष पचवतात, आणि त्यांची वस्ती पुरी होण्याआधी जो मासे सोडतो त्याचे मासे मरतात. मुलगा दर सुट्टीला काचनळीत थेंब टाकून रंग पाही आणि मान हलवी. येणारे-जाणारे विचारीत, की मासे कुठे आहेत. बिट्टीने एकदा वैतागून विचारले, “बाबा, आपण नुसतं पाणी पाळलंय का?” नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

अखेर वस्ती झाली. आधी काच चाटून साफ ठेवणाऱ्या गोगलगायी आल्या, मग एक पिवळा, बोटाएवढा मासा, आणि मग नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोकर माशांची जोडी. बटणांसारखे प्रवाळ खडकावर उमलले. त्या दिवसांत माझे जे कौतुक झाले ते आठवून आजही माझे पाणी जरा उजळते. शेजारचे लोक चहाच्या निमित्ताने येत आणि चहा गार होईपर्यंत माझ्यासमोर बसत.

मग तो दगड आला.

जवळच राहणारे एक गृहस्थ घर बदलत होते आणि त्यांनी आपली टाकी मोडली. तिच्यातला एक मोठा, जांभळ्या खपल्यांचा खडक त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नानांच्या मुलाला दिला. आलेला खडक काही आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायचा, हा नियम त्याला पाठ होता. त्याने बादली भरूनही ठेवली होती. पण कागद उलगडला तेव्हा खडकाच्या बिळाबिळांतून बारीक जलकृमींचे पिसांसारखे नाजूक पंखे आत ओढले जात होते, आणि दगड उसासे टाकल्यासारखा बारीक कुरकुरत होता. त्याच्या हाताला ते जाणवले. एवढा जिवंत दगड बादलीतल्या अंधारात कसा कोंडायचा, असे तो स्वतःशीच पुटपुटला, आणि त्याने तो सरळ माझ्यात ठेवला. ती घाई नव्हती, कणव होती. चोख माणसाच्या हातून चूक होते ती बहुधा अशीच.

दुसऱ्या दिवशी, पडद्याच्या कडेला फट उजळण्याच्या वेळी, माझ्या आत आवाज झाला.

टक्.

माझ्या पोटातले पाणी थांबल्यासारखे झाले. मी माझी प्रत्येक धार, प्रत्येक सांधा आठवून पाहिला. कुठेही चीर नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. आवाज माझा नव्हता. तो नव्या दगडाच्या पोटातून येत होता, आणि कुणीतरी बंद दारावर बोट वाकवून वाजवावे तसा येत होता.

पलंगावर नाना ताठ बसले होते. त्यांनीही ऐकले होते.

नाना कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार जे बोलेल ते त्यांनी आयुष्यभर शब्दाला शब्द टिपले. पदरचे काही घातले नाही, काही गाळले नाही. त्यांनी चहाच्या वेळी सांगितले तेही तसेच, आवाज न चढवता, की टाकीत कुणीतरी टकटक करते. मुलाने कप खाली ठेवला, दिवा पूर्ण तेजाने लावला, वर बॅटरीचा झोत टाकला, आणि चारी बाजूंनी वाकून पाहिले. मासे पोहत होते. दगड दगडासारखा होता. पंपाचा आवाज असेल, असे तो म्हणाला, आणि त्याने पंपाखाली रबराचा तुकडा सरकवला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा नाना बोलत, तेव्हा तेव्हा तो हेच करी, दिवा लावी. त्याच्या दुकानात प्रत्येक शंकेचे उत्तर उजेडात मिळते. आणि उजेड पडताच दगडातले जे काही होते ते दगडात परत जाई. अंधारात मात्र मला त्याच्या हालचाली कळत. वाळूवरून पुष्कळ पाय एकाच वेळी चालत असल्याची हलकी सरसर येई. ती माझ्या काचेपाशी येऊन थांबे. मग काचेला आतून काहीतरी स्पर्श करी, चाचपून पाही, आणि परत जाई.

गोगलगायी कमी होऊ लागल्या. त्यांचे शंख दगडाच्या मागे, घरच्यांना दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात, फोडलेल्या अवस्थेत रचले जात होते. मग एके दिवशी पिवळा मासा दिसला नाही. त्याच आठवड्यात पाणी गढूळ झाले, आणि पाणी गढूळ होते ते बहुतेक वेळा जास्त खाणे पडल्याने. घरात संशयाला फारशी जागा शोधावी लागली नाही. नानांनी त्याच महिन्यात एकदा गॅस तसाच चालू ठेवला होता. बिट्टीला शाळेतून आणायला ते निघाले आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले, कशासाठी निघालो ते न आठवून. ते खाणेही दोनदा घालत असतील, असे सगळ्यांना वाटले, आणि तसे वाटण्यात कुणाचे काही वाईट नव्हते. माशांच्या खाण्याची डबी वरच्या फळीवर गेली. नानांचा हात जिथे पोचत नाही, तिथे.

नानांनी डबी नेहमीच्या जागी शोधली, वर पाहिले, आणि परत पलंगावर जाऊन बसले.

त्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणले. परतल्यावर नवरा-बायको माझ्यासमोरच हळू आवाजात बोलत होते, म्हणून मला कळले. वार, महिना, नातीचे नाव, सगळे त्यांनी बरोबर सांगितले होते. शेवटी डॉक्टरांनी सहज विचारले, अजून काही त्रास आहे का, तर म्हणाले, त्रास नाही, पण घरात पाण्यातून कुणीतरी दार वाजवते. डॉक्टरांनी नानांना बाहेर बसवले आणि मुलाला सांगितले, की असे भास होऊ लागले म्हणजे घरी एकटे ठेवणे बरे नाही.

त्या दिवसापासून नानांनी आवाजाविषयी बोलणे सोडले. पण पहाटे ते माझ्याजवळ खुर्ची ओढून बसू लागले. एकदा, आत टक् झाल्यावर, त्यांनी वाकलेल्या बोटाने माझ्या काचेवर हलकेच एकदा वाजवले. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून, तेवढेच हलके, एकदाच उत्तर आले.

नानांनी हात झटकन मागे घेतला. ते बराच वेळ आपल्या बोटाकडे पाहत राहिले. मला त्यांच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब माझ्याच काचेत दिसत होते, आणि त्या चेहऱ्यावर माझ्यातल्या जिवाची भीती नव्हती. आपलेच बोट दोनदा वाजले की काय, ही भीती होती. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या क्षणी बोलले असते. पण टाकीला फक्त काच असते, आणि काचेतून दिसते तेवढेच लोक पाहतात.

मग जोकरांच्या जोडीतला एक गेला. उरलेला मासा दिवसरात्र वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहू लागला. बिट्टी खूप रडली. मग डोळे पुसून ती पलंगापाशी गेली आणि म्हणाली, “आजोबा, खरं सांगा हं. मी नाही रागवणार. तुम्ही काढलात का त्याला?”

“नाही गं बाळा,” नाना म्हणाले. मग थांबले. “मला तरी आठवत नाही.”

कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आले, तेव्हा सूनबाईंनी मान फिरवली.

त्या संध्याकाळी मुलाने ठरवले. गावाबाहेर एक ठिकाण होते, स्वच्छ, बाग असलेले, वयस्कर माणसांची देखरेख करणारे. त्याने ते जाऊन पाहिले होते. नानांशेजारी बसून, नजर जमिनीकडे ठेवून, त्याने सांगितले, “नाना, तिथे चोवीस तास माणसं असतात.”

“इथे नसतात का?” नानांनी विचारले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरेच माहीत करून घ्यायचे होते.

रविवारी निघायचे ठरले. नानांचे कपडे, औषधे, जाड भिंगांचा जादा चष्मा, सगळे एका बॅगेत भरून ती बॅग माझ्याशेजारच्या, नानांच्या कपाटाला टेकवून ठेवली.

रविवार यायच्या आधीच एका पहाटे वीज गेली.

विजेशिवाय माझ्यासारखी टाकी म्हणजे बंद पेटी. पाणी फिरत नाही, पाण्यात हवा मिसळत नाही, आणि आतले जीव गुदमरू लागतात. नानांनीच मुलाला हाक मारली. बॅटरीवर चालणारा छोटा पंप काढला तर त्याचे सेल संपलेले. सूनबाई धावत आल्या, मगाने माझ्यातले पाणी वर काढून उंचावरून पुन्हा सोडू लागल्या, म्हणजे त्याबरोबर हवा आत जाते. बिट्टी उशी कवटाळून दारात उभी राहिली. पंप थांबला होता, ऊब देणाऱ्या कांडीची गुणगुण थांबली होती, फ्रिज, धुराचा पंखा, सगळे थांबले होते. त्या घराने इतकी शांतता कधी ऐकली नसेल. सूनबाईंचा हात दुखला म्हणून त्या क्षणभर थांबल्या.

टक्.

कुणी हलले नाही. जणू घरात पाचवे माणूस आहे आणि ते कुठे उभे आहे हे कुणालाच माहीत नाही, अशी ती स्तब्धता होती. मग पुन्हा, स्पष्ट, काचेपासून हातभर अंतरावर, टक्.

मुलाने खिशातून मोबाइल काढला. अंगठा बॅटरीच्या खुणेवर गेला.

“दिवा लावू नकोस,” नाना म्हणाले. “बस इथे.”

किती वर्षांनी त्यांनी मुलाला असे सांगितले असेल कोण जाणे. मुलगा खाली, फरशीवर बसला. सूनबाई भिंतीला टेकल्या. बिट्टी आजोबांच्या मांडीला चिकटली. पडद्याच्या कडेची फट हळूहळू उजळत गेली, आणि त्या राखाडी उजेडात दगडाच्या एका बिळातून दोन डोळे बाहेर आले.

ते देठांवर होते. प्रत्येक डोळा वेगवेगळा फिरत होता. एक मुलाकडे पाहत होता, दुसरा नानांकडे. त्यांच्यामागे कोळंबीच्या जातीचे, हिरवट, चिलखत घातल्यासारखे अंग निघाले. पुढच्या पायांना गदेसारख्या गाठी होत्या. त्या प्राण्याने बिळाच्या तोंडाशी आणलेला शंख नीट उभा केला, मागे सरकला, आणि एक पाय असा झटकला की तो हललेला कुणालाही दिसला नाही. फक्त आवाज आला. शंखाला भोक पडले होते.

रोज लोकांच्या डोळ्यांत पाहणारा माणूस त्या डोळ्यांपुढे नजर खाली करून बसला.

“हे कधीपासून, नाना?” त्याने विचारले.

“तो दगड आल्यापासून.”

“तुम्ही सांगितलं होतं.”

“हं,” नाना म्हणाले. “मीही म्हटलं, आपलंच डोकं वाजतंय.” आणि ते हळूच हसले. बिट्टीने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

दिवस उजाडल्यावर वीज आली, माझा पंप फिरू लागला, आणि मुलाने माशांच्या दुकानदाराला फोन केला. दुकानदाराला नवल वाटले नाही. असल्या दगडातून असला पाहुणा येतोच, तो म्हणाला. दगड बाहेर काढा, बिळात उकळते पाणी ओता, काम झाले. मुलाने किटलीत पाणी उकळले. वाफाळती किटली घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. दगडातले दोन डोळे त्याच्याकडे वळले होते. नानांनी फक्त पाहिले. मुलगा किटली घेऊन परत गेला आणि ते पाणी त्याने मोरीत ओतले.

बिट्टीच्या अभ्यासाच्या टेबलावर एक लहान टाकी आली. तिच्यात माझेच पाणी गेले, माझ्यातला जुना, वस्ती झालेला खडक गेला, प्रवाळ गेले आणि एकटा उरलेला जोकर मासा गेला. हे सगळे करायला त्यांनी घाई केली नाही. मी आणि दगड मागे राहिलो, आणि दगडातला तो. आता पाहुणे मला पाहतात आणि विचारतात, ही रिकामी का ठेवली आहे. कौतुक संपले. शेजारचे लोक चहा गरम असतानाच पितात. रोज शिंपल्याचा एक तुकडा लांब चिमट्याने बिळाशी धरला जातो, आणि चिमट्याला झटका बसतो.

मित्रांनो, माझ्यासारखी टाकी पाळायची असेल तर नवा दगड आधी वेगळा ठेवा, त्याची कितीही दया आली तरी. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घाला. जे सुंदर नाही, ज्याला पाहायला कुणी येत नाही, त्याच्याही पाण्याची पातळी रोज पाहा. आणि घरातले कुणी म्हणाले, की मला अंधारात काहीतरी ऐकू येते, तर लगेच दिवा लावू नका. थोडा वेळ त्याच्या शेजारी जाऊन बसा.

वीज गेली होती त्या आठवड्याचा रविवार आला. नाना विसरत होते, हे खरेच होते. आदल्याच दिवशी त्यांनी अंघोळीचा नळ चालू ठेवला होता, आणि पाणी दिवाणखान्यापर्यंत आले होते. मुलाने ते पुसून काढले होते. आवाज खरा निघाला म्हणून विसरणे खोटे ठरत नाही, हे त्याला कळत होते. आदल्या रात्री नवरा-बायकोत बोलणे झाले होते, सकाळच्या वेळा वाटून घेण्याचे, गॅसला वेगळी चावी बसवण्याचे. आवाज चढला नव्हता, पण ते सोपे बोलणेही नव्हते.

नाना कपडे करून पलंगाच्या कडेला बसले होते, निघायला तयार. मुलगा माझ्याशेजारी आला. त्याने बॅग उचलली, आणि ती दाराकडे न नेता पलंगावर ठेवून उघडली. मग कपाट उघडून तो एकेक कपडा आत लावू लागला. घडी मोडली असेल तर पुन्हा घालत होता.

“तो राखाडी स्वेटर वर ठेव,” नाना शेवटी म्हणाले. “पहाटे बसतो तेव्हा लागतो.”

मुलाने तळाशी ठेवलेला स्वेटर काढला आणि वरच्या कप्प्यात, सहज हाताला येईल असा ठेवला.